अभ्यासपाठ : ज्या देशात मुलगा गेला, त्या देशासाठी



या अंकात आपण एका तरुण सैनिकाच्या जीवनाचा विचार करू. कॉर्पोरल अँड्र्यू आयकेलेनबूम हा कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतातल्या कोमॉक्सचा राहणारा. सगळे त्याला ‘बूमर’ म्हणत. तो सैन्यात होता, पण त्याचे काम जखमींवर उपचार करण्याचे. एडमंटन येथील फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स पथकातून तो अफगाणिस्तानच्या कंदाहार प्रांतात गेला.

१. त्याचे काम

वैद्यकीय सैनिकाला एक मोठा नियम पाळावा लागतो. १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे जखमी माणूस आपला की शत्रूचा, हे पाहायचे नसते. आधी कोणाकडे धावायचे हे जखमेवरून ठरते. समोरच्याचा गणवेश पाहून नव्हे. ज्याने कालपर्यंत आपल्या सोबत्यांवर गोळ्या झाडल्या, त्याचेही रक्त थांबवायचे. हे बोलायला सोपे, करायला फार कठीण.

२. त्याचा मृत्यू

११ ऑगस्ट २००६ रोजी पाकिस्तानच्या सीमेजवळ, स्पिन बोल्दकच्या परिसरात, एका आत्मघातकी हल्लेखोराने स्फोटकांनी भरलेली गाडी कॅनेडियन सैन्याच्या ताफ्यावर नेली. त्यात बूमर गेला. वय अवघे २३ वर्षे.

३. त्याच्या आईचे उत्तर

तरणाताठा मुलगा गेल्यावर त्या देशाचे नावही नकोसे व्हावे, हे स्वाभाविक आहे. या आईने मात्र त्याच देशातील मुलांसाठी लोकरीच्या टोप्या पाठवण्याचे काम सुरू केले. कंदाहारचा उन्हाळा कडक, पण हिवाळ्यातल्या रात्री गोठवणाऱ्या असतात. कॅनडात ठिकठिकाणी लोकांनी सुया हाती घेतल्या आणि सैनिकांनी त्या टोप्या मुलांच्या डोक्यांवर घातल्या. पुढे ‘बूमर्स लेगसी’ नावाचा निधी उभा राहिला. प्रत्यक्ष त्या जागी असलेल्या सैनिकाला एखाद्या स्त्रीची किंवा मुलाची अडचण दिसली, तर त्याला हात देता यावा, यासाठी हा पैसा.

४. आपल्यासाठी धडा

टोपीने युद्ध थांबले नाही आणि आईचे दुःखही संपले नाही. पण मुलगा जसा समोरच्याची बाजू न विचारता उपचार करी, तसेच आईनेही दिले. मुलाचे काम तिने आपल्या हाताला जमेल अशा रूपात पुढे नेले. आपण गेलेल्या माणसाच्या नावाने फोटोला हार घालतो, दगडी पाटी लावतो. त्यात वावगे काही नाही. पण त्याचे अर्धे राहिलेले काम हाती घेणे ही अधिक खरी आठवण होय.

चर्चेसाठी प्रश्न

१. मदत करण्यापूर्वी आपण ‘हा कोणाचा?’ असे कधी विचारतो?
२. आपल्या घरातील गेलेल्या माणसाचे कोणते काम अर्धे राहिले आहे? त्यातले आपल्याला काय जमेल?