मोकळं पाणी राखून ठेव

सई,

डिंगीच्या शर्यतीत तुझा हात चांगला बसलाय, शीड कसं सांभाळायचं ते मी तुला सांगायची गरज नाही. पण आता तू आणखी एकीला सोबत घेऊन, किनारा सोडून मुंबईहून गोव्याला जायचं म्हणतेस, तर विषयच बदलला. शर्यतीत बोट उलटली तर पाच मिनिटांत मदतीची बोट येते. रात्री दोन वाजता विजयदुर्गासमोर वीस मैलांवर तशी कुणी येत नाही. म्हणून बाहेरच्या समुद्रातली सगळी अक्कल मला एकाच गोष्टीत दिसते: आपल्याभोवती मोकळं पाणी आणि हाताशी वेळ, दोन्ही कायम शिल्लक ठेवायचं.

आधी किनाऱ्याचं बोलू, कारण नवशिक्याचा घात तोच करतो. डिसेंबर-जानेवारीत रात्री आणि सकाळी मतलई वारा जमिनीकडून येतो, दुपारनंतर वायव्येचा सुटतो. हा दुपारचा वारा तुला कोकणाच्या खडकांकडे ढकलत असतो. सुकाणू तुटलं किंवा शीड फाटलं, तर ते दुरुस्त करायला किती वेळ मिळणार हे किनारा किती लांब आहे त्यावर ठरतं. बोट दोन नॉटने वाहत निघाली, तर तीन मैलांवरून दीड तासात खडक, पंधरा मैलांवरून साडेसात तासांनी. गावचे दिवे दिसले की धीर येतो, हे खरं. पण बाहेर निघालेल्या माणसाला ते फार स्पष्ट दिसायला लागले, तर त्याने बोटीचं तोंड पश्चिमेला वळवावं.

हवा बिघडली की प्रत्येकाला बंदरात शिरावंसं वाटतं. आपल्या कितीतरी खाड्यांच्या मुखावर वाळूचा दांडा आहे. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटीचं पाणी जोरात बाहेर येतं, त्याला समोरून वारा आडवा आला की मुखावर लाटा उभ्या फुटतात. तिथे बोटी गेलेल्या आहेत. आत जायचं तर उजेडात, भरती चढत असताना. ते जमत नसेल तर रात्र बाहेरच काढ, शीड कमी करून, किनाऱ्यापासून लांब. त्रास होईल, ओकाऱ्या येतील, पण खाली पाणी खोल असेल.

मासेमारीच्या बोटींना मान दे. जाळ्याचे बोये रात्री दिसत नाहीत, आणि तांडेल तुझ्याकडे बॅटरी मारत असेल तर तो जाळं वाचवायला धडपडतोय. लांबून वळसा घे. पंख्यात दोर गेलाच, तर इंजिन बंद कर, शिडावर चाल, आणि अंधारात पाण्यात उतरू नकोस.

मोठ्या जहाजांचं गणित तोंडपाठ कर. जहाज १५ नॉटने येतंय, तू ५ नॉटने, समोरासमोर. आठ मैलांचं अंतर २४ मिनिटांत संपतं. म्हणून दर दहा-बारा मिनिटांनी क्षितिज पूर्ण फिरून बघायचं, एआयएसच्या पडद्यावर जहाजं दिसत असली तरी. जहाजाचा दिवा दिसला की हातातला कंपास त्याच्यावर धर. समज २८५ अंश आले. तीन मिनिटांनी पुन्हा धर. आकडा सरकला असेल तर बरं. आकडा तोच, २८५, आणि दिवा मोठा झालेला, म्हणजे तुम्ही दोघं एकाच ठिकाणी जाताय. नियमाने इंजिनवरच्या जहाजाने शिडाच्या बोटीला वाट द्यायची. पण त्याला तू दिसलीच नसशील, तर नियम काय कामाचा? अंतर भरपूर असतानाच वळ, आणि चांगली पन्नास-साठ अंश वळ. पाच अंशांची भीती त्याला कळतसुद्धा नाही.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. वारा पाठीशी असताना हे लक्षात येत नाही: खरा वारा १८ नॉटचा, बोट ६ ने पळतेय, अंगाला १२ चाच लागतो. बोट वळवून वाऱ्यावर घेतलीस की तोच वीसच्या वर जातो. म्हणून पहिली रीफ सूर्य मावळायच्या आत घे, म्हणजे शीड एक टप्पा कमी कर, वारा असो नसो. आणि ती कशी घ्यायची हे नांगरावर असताना डोळे मिटून करून बघ, दोर हाताला ओळखीचे झाले पाहिजेत.

रात्री हार्नेस अडकवल्याशिवाय डेकवर यायचं नाही. आधी अडकवायचा, मग जिना चढून बाहेर. पाच नॉटने चाललेली बोट एका मिनिटात दीडशे मीटर पुढे जाते, आणि अंधारात दीडशे मीटरवरचं डोकं दिसत नाही. दोरी एवढी आखूड ठेव की तू डेकवरच राहशील. बोटीबाहेर लोंबकळून काही मिळत नाही.

बॅरोमीटर दर तीन तासांनी वहीत लिही. आपल्याकडे दाब रोज हलतोच: सकाळी दहाच्या सुमाराला वर, दुपारी चारला खाली, रात्री पुन्हा तसंच. दुपारी उतरला म्हणून घाबरू नकोस. मात्र त्या वेळच्या नेहमीच्या आकड्यापेक्षा ३ हेक्टोपास्कल खाली असेल तर कान टवकार, ५ खाली असेल तर वादळ धरूनच चाल. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळ कोकणावर आलं ते मासेमारीच्या ऐन हंगामात. दिवाळीनंतर समुद्र शांत असतो, या भरवशावर राहू नकोस.

हे सगळं शिकायचं कसं, विचारलंस. दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीला फेरी मारून आले, पण त्याआधी गोव्यात दिवाडी बेटावर त्यांची बोट ‘म्हादेई’ बांधली जात असताना ते तिच्याबरोबर होते. कुठली नळी कुठून जाते हे ठाऊक असलेला माणूस अंधारात गोंधळत नाही. पुढे ‘तारिणी’ बोटीवरच्या सहा जणींना त्यांनीच तयार केलं, आणि २०१७ मध्ये जगाच्या फेरीला निघण्यापूर्वी त्या मॉरिशसपर्यंत जाऊन आल्या होत्या. तूही आधी मुरूडपर्यंत जा. मग एक रात्र बाहेर काढून परत ये. सुकाणूजवळ तीन तास, झोप तीन तास, हे शरीराला जमतंय का बघ. थकलेलं डोकं चुकीच्या गोष्टीला हो म्हणतं, म्हणून मोठे निर्णय निघण्याआधी कागदावर लिहून ठेव: वारा किती झाला की परत फिरायचं, दोघींपैकी एक आजारी पडली तर काय.

एकट्याने जगाच्या फेरीला निघालेल्या अभिलाष टॉमींचं २०१८ चं आठव. दक्षिण हिंदी महासागरात वादळात डोलकाठ्या मोडल्या, पाठ जायबंदी झाली, हलता येईना. आणीबाणीची पिशवी बोटीतच होती, पण तिथवर पोचणं अवघड आहे असं त्यांनी स्वतःच कळवलं होतं. तू आज बोटीवर जा, बिछान्यावर आडवी पड, आणि न उठता हात कुठवर जातो ते बघ. पाण्याची बाटली, व्हीएचएफ, बॅटरी, संकटाचा इशारा पाठवणारा ईपर्ब, हे सगळं त्या टप्प्यात असलं पाहिजे.

पणजीत कुणाला पोचायची तारीख देऊ नकोस. वाट बघणारी माणसं असली की हवा वाईट असतानाही पाय निघतो. मला मात्र कागद देऊन जा: बोटीचा रंग, मार्ग, दोघींची नावं, आणि कितीला काळजी सुरू करायची ती वेळ. ती टळली की मी तटरक्षक दलाला १५५४ वर फोन लावणार, तुला वाईट वाटेल म्हणून थांबणार नाही. परवान्याशिवाय सॅटेलाइट फोन आपल्याकडे चालत नाही, तेव्हा कुणाचा उसना घेऊन जाऊ नकोस. उशीर होणार असेल तर चॅनल १६ वर जवळच्या जहाजाला गाठ आणि निरोप पाठव. सुमारे २२० सागरी मैल, पाच नॉटने ४४ तास होतात. मला ७२ सांग.

तुझा,
मामा