विहिरीवरच्या कॅमेऱ्याचे कुलूप



मोटारी व केबल चोरीला जातात म्हणून पैठण, गंगापूर भागात काही सभासदांनी विहिरीवर कॅमेरे बसविले आहेत. घरबसल्या मोबाईलवर चित्र दिसते, सोय चांगली आहे. परंतु तेच चित्र चोरालाही दिसू लागले, तर रानात कोणी नाही हे त्यालाच आधी कळायचे!

हा कॅमेरा म्हणजे छोटा संगणकच. आत बहुधा लिनक्स प्रणाली चालते. पुष्कळ जुन्या कॅमेऱ्यांना कंपनीतूनच एकसारखे नाव व पासवर्ड दिलेले असत. २०१६ साली 'मिराई' नावाच्या प्रोग्रॅमने अशा सुमारे साठ जोड्या एकामागून एक लावून पाहिल्या आणि जगभरचे लाखो कॅमेरे, रेकॉर्डर व राउटर ताब्यात घेतले. कॅमेरा बंद करून चालू केला की मिराई पुसला जाई, पण पासवर्ड तोच असेल तर थोड्याच वेळात परत शिरे. लव्हाळ्याचे तसेच आहे. वरून खुरपला की पुन्हा फुटतो, गाठ काढावी लागते.

तेव्हा बसविणारा माणूस जाण्यापूर्वी पासवर्ड बदलून घ्यावा, आणि तो आपण स्वतः टाकावा. मोबाईल नंबर, गाडीचा नंबर नको. चार असंबद्ध शब्द जोडले तरी चालतात. राउटरमध्ये 'पोर्ट फॉरवर्ड' करून कॅमेऱ्यासाठी बाहेरचे दार उघडून देण्याची पद्धत आहे, ती मला मुळीच पसंत नाही. ते बंद करायला सांगावे. सिमकार्डावरच्या कॅमेऱ्याचे चित्र बहुधा कंपनीच्या ॲपमधून येते. तेथे ॲपचा पासवर्ड वेगळा ठेवावा व ओटीपीची सोय असल्यास चालू करावी.

ज्यांच्या मुलांनी लिनक्सचा छोटा संगणक लावून तीन-चार कॅमेरे जोडले आहेत, त्यांनी त्यावर 'वायरगार्ड' बसवावे. यात संगणकाची व प्रत्येक मोबाईलची स्वतंत्र किल्ली असते. किल्ली जुळली नाही तर संगणक उत्तरच देत नाही. राउटरमध्ये तेवढे एकच पोर्ट उघडायचे, बहुधा यूडीपी ५१८२०. मात्र इंटरनेट कंपनीकडून सार्वजनिक आयपी पत्ता मागून घ्यावा लागतो. सिमच्या जोडणीवर तो सहसा मिळत नाही. मोबाईल हरवला तर त्याची नोंद संगणकातून काढावी, घरातल्या इतरांचे काही अडत नाही.

एवढे झाल्यावर मोबाईलचे वायफाय आणि वायरगार्ड दोन्ही बंद करून कॅमेरा उघडून पाहावा. चित्र दिसले, तर दार अजून कुठेतरी उघडे आहे.

— ऊस विकास अधिकारी