आधी येणार कोण, ते विचार

जळगाव,
चैत्र

चि. बाळास,

तुझं कोटेशन पोचलं. सिल्वासाच्या नव्या रो-हाउसला तू अलार्म बसवतोयस आणि आखाजीला गावी निघायच्या आत तो बसलाच पाहिजे असा तुझा हट्ट आहे, हे ताईने आधीच फोनवर सांगितलं होतं. बसवण्याचे ३८ हजार आणि दुसऱ्या वर्षापासून दरसाल ६ हजार. म्हणजे पाच वर्षांत ६२ हजार, मधे बॅटरी बदलावी लागेल ती वेगळी. खाली तू एवढंच लिहिलंस, "मामा, घेऊ का?" हो किंवा नाही म्हणून भागण्यासारखं असतं तर फोनच केला असता.

विमा कंपन्यांसाठी घरफोडीचे सर्व्हे करण्यात माझी नोकरी गेली, हे तुला ठाऊक आहे. चोर येऊन गेल्यावर पोचायचं, चौकटीवरच्या कटावणीच्या खुणा बघायच्या, कपाट कुठून उचकटलं ते पाहायचं, दागिन्यांच्या पावत्या मागायच्या. त्यामुळे सिनेमातला चोर माझ्या डोक्यात नाही. मी ज्यांचं काम पाहिलं त्यातले बहुतेक आळशी होते. आतलं सोनं त्यांना बाहेरून दिसत नाही. त्यांना दिसतं ते दाराला बाहेरून लोंबणारं कुलूप, ओट्यावर साठलेले पेपर, भरदिवसा जळणारा पोर्चमधला दिवा. घर बंद आहे एवढं कळलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं कटावणी करते. लोक दोन-दोन हजारांचं कुलूप आणतात आणि ते चार बारक्या स्क्रूंवर बसवलेल्या कोयंड्यात अडकवतात. कुलूप जागच्या जागी शाबूत राहतं, कोयंडाच निघून येतो. पुढचं दार भक्कम असेल तर चोर मागे जातो. संडासच्या खिडकीच्या काचेच्या पट्ट्या आवाज न करता एकेक काढता येतात, आणि गच्चीच्या दाराला बिल्डर सगळ्यात हलका पत्रा लावतो. तुझ्या घराच्या फोटोंत पुढचं सागवानी दार तू चार बाजूंनी दाखवलंस, गच्चीचं एकदाही नाही.

आता भोंगा. तो चोराला धरत नाही, अडवत नाही, फक्त बातमी देतो. ती बातमी कोणाला मिळते आणि तो माणूस किती मिनिटांत दारात उभा राहतो, यावर त्याची सगळी किंमत आहे. बेडरूमचं कपाट फोडून निघायला सराईत माणसाला फार वेळ लागत नाही. तेवढ्या वेळात कोणी येणार नसेल, तर रिकाम्या गल्लीत वाजणाऱ्या भोंग्यासाठी तू ६२ हजार मोजशील. काही चोर नुसत्या आवाजाने पळतात, हे खरं. पण गल्लीत कुणाचंही दार उघडत नाही हे ज्याच्या लक्षात आलं, तो कशाला पळेल?

तू ज्या मुलखात राहतोस तिथे हे एकदा फार मोठ्या प्रमाणावर घडून गेलंय. १९५४ च्या जुलैत पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या दादऱ्याची पोलीस चौकी पडली तेव्हा त्यांच्याकडे बळ नव्हतं असं नाही, दमणला होतं. पण दमण आणि दादरा यांच्यामध्ये भारताची जमीन होती, आणि तिच्यावरून हत्यारबंद पोलीस जाऊ द्यायला आपलं सरकार तयार नव्हतं. २२ जुलैला दादरा मोकळं झालं, मग नरोली, आणि २ ऑगस्टला सिल्वासा. त्या लढ्यात आपले सुधीर फडके आणि बाबासाहेब पुरंदरे होते. तुमच्या पिढीला गाणी आणि शिवचरित्र माहीत असतं, हे नसतं, म्हणून सांगतो. पुढे पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. १९६० च्या एप्रिलमध्ये निकाल लागला. सामान्य माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना ये-जा करायचा हक्क होता, सैन्याला आणि सशस्त्र पोलिसांना तो नव्हता, असं न्यायालयाने म्हटलं. चौकीतून दमणला कितीही घंटा वाजवली असती तरी येणाऱ्यांना वाटच नव्हती.

तुझ्या सोसायटीचं काय? मे महिन्यात तिथली निम्मी घरं बंद असतात, हे तूच मला सांगितलंयस. आपली खान्देशातली मंडळी आखाजीला गावी, गुजराती कुटुंबं सुट्टीला बाहेर, बिहार-उत्तर प्रदेशाकडची लग्नसराईला. डीलर म्हणतो, "आमची कंट्रोल रूम चोवीस तास चालू असते." असेल. पण ती कुठल्या शहरात आहे? भोंगा वाजला की तिथला मुलगा तुलाच फोन करणार, तू त्या वेळी अंमळनेरला अंगणात झोपलेला असणार, आणि मग तू शेजाऱ्याला फोन करणार. म्हणजे दरसालचे ६ हजार एका फोनसाठी. सिम घातलेलं साधं पॅनलही आपणहून चार-पाच नंबर फिरवतं. ते शेजाऱ्यालाच थेट लागू दे. त्यांचा माणूस स्वतः घरी येऊन पाहणार असेल तर गोष्ट वेगळी. पण मग किती मिनिटांत येणार आणि न आल्यास काय, हे करारात लिहून माग. मला वाटतं तो लिहून देणार नाही.

पोलिसांचा नंबर ११२, तो सर्वांच्या फोनमध्ये असू दे. पण नुसतं यंत्र ओरडलं म्हणून गाडी धावत येईल असं धरू नकोस. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटी शहराने २००० साली नियमच केला, की आत खरोखर कोणी शिरलंय याची आधी कुणीतरी खात्री करावी, मगच पोलीस निघतील. कारण अलार्म वाजला म्हणून धावत गेलेल्या पोलिसांना जवळजवळ दर वेळी काहीच सापडत नव्हतं.

आणि तुमच्या हवेत खोटे भोंगे वाजायला कारणं कमी नाहीत. खोलीच्या कोपऱ्यात लावतात तो सेन्सर अंगाची उष्णता हलली की ओळखतो. त्याच्या काचेवर पाल फिरली तर त्याच्या हिशोबी तो माणूसच. उन्हाने तापलेला पडदा पंख्याने हलला तरी तेच. उलट बाजूही ध्यानात घे. मे महिन्यात बंद घराची गच्चीखालची खोली अंगाइतकीच तापते, तेव्हा भिंतीची उष्णता आणि माणसाची उष्णता यातला फरक त्या सेन्सरला नीट कळत नाही. म्हणजे ज्या महिन्यात तू घर सोडून जाणार, त्याच महिन्यात तो मंद. दाराच्या चौकटीवर बसवतात तो चुंबकाचा जोड त्यापेक्षा विश्वासाचा. दार उघडलं की चुंबक दूर जातो आणि पॅनलला कळतं, इतकं साधं. फक्त सिल्वासाच्या पावसात लाकडी दारं फुगतात, जोड सरकतो आणि मग रात्री दोनला कारण नसताना बोंब. पहिल्यांदा शेजारी धावत येतील. दुसऱ्यांदा खिडकीतून बघतील. पुढे कूस बदलतील. म्हणून जोड नुसता आखाजीला नाही, पावसाळा उलटल्यावर पुन्हा तपासून घ्यायचा. आणि सिमचं रिचार्ज संपलं तर पॅनल मुकं होतं, ही गोष्ट कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही.

कॅमेऱ्याबद्दल फार लिहीत नाही. तो नंतर कामाला येतो, आधी नाही. आणि रेकॉर्डिंगचा डबा टीव्हीखाली ठेवलास तर तो डबाच घेऊन गेलेले चोर मी पाहिलेत.

डीलरने तुला "इथे बाहेरचे लोक फार" असं सांगून घाबरवलं, हे मला आवडलं नाही. वारली, धोडिया, कोकणा सोडले तर सिल्वासात बाहेरचा कोण नाही? कारखाने आले तसे आपण आलो, तसेच चाळींत राहणारे ओडिशा-बिहारचे कामगार आले. तुझ्या गल्लीच्या तोंडाशी ज्या चाळी आहेत तिथे पाळ्या बदलतात, रात्रभर कोणी ना कोणी जागं असतं. त्यांची भीती धरण्यापेक्षा ओळख ठेव. भोंगा वाजला तर पहिला माणूस तिथूनच येईल, समोरच्या बंद बंगल्यातून नाही.

मग पैसा कुठे घालायचा? आधी सोनं घराबाहेर काढ. सूनबाईचे आठ-नऊ तोळे घरच्या कपाटात ठेवून त्यांच्या राखणीला ६२ हजार घालणं मला पटत नाही. बँकेत लॉकर घे. तेही डोळे उघडे ठेवून, कारण रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे चोरी, आग किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांत बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच आहे. भाडं ३ हजार असेल तर ३ लाख. आजच्या भावाने तुमचं सोनं त्याच्या कितीतरी वर जातं, आणि आतल्या वस्तूंचा विमा बँक काढत नाही. तो आपणच काढायचा, दागिन्यांचं मूल्यांकन करून. तरी घरच्या कपाटापेक्षा लॉकर शतपटीने बरा.

विम्याचं बोलतोय तर दोन गोष्टी, माझ्या धंद्यातल्या. गृहकर्जाबरोबर तुला बँकेने जी पॉलिसी दिली असेल ती बहुधा 'भारत गृह रक्षा' असेल, २०२१ च्या एप्रिलपासून निघाली ती. आग, पूर, भूकंप यांसाठी चांगली आहे. पण चोरी तिच्यात येते ती अशा एखाद्या आपत्तीनंतर सात दिवसांत झाली तरच. एरवीच्या घरफोडीचं कलम वेगळं घ्यावं लागतं. आणि घरफोडीच्या पॉलिसीत बहुधा अट असते, की चोर जबरदस्तीने, काहीतरी फोडून-तोडून आत आला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली हरचंद राय चंदन लाल यांच्या खटल्यात तेच धरलं, की पॉलिसीत लिहिलंय म्हणजे बळाचा वापर दिसलाच पाहिजे. कडी न लावलेल्या दारातून शांतपणे आत येऊन टीव्ही उचलून नेला, तर दावा अडकतो. किती लोकांना मी हे समजावलं आणि किती लोक माझ्यावरच चिडले, ते जाऊ दे. तुला सांगायचं ते हे, की भोंगा असो, विमा असो, दोन्हींच्याही आधी कडी लागलेली असावी लागते.

त्या कडीवर खर्च कर. पुढच्या दाराला बाहेरचं कुलूप नको, दारातच बसवलेलं कुलूप लाव, म्हणजे घर बंद की उघडं हे रस्त्यावरून कळत नाही. आतून आडवा अडसर. मागच्या दाराला लोखंडी जाळीचा दरवाजा, संडासच्या खिडकीला गज. गच्चीच्या दाराला जाड पत्रा आणि दोन कड्या. लोहाराकडून करून घेतलंस तर हे सगळं डीलरच्या आकड्याच्या खूप आत बसेल, आणि त्याला दरसालचं शुल्क नाही. गावी जाताना पेपर बंद करायला सांग आणि पोर्चचा दिवा शेजारच्या काकांना संध्याकाळी लावून सकाळी बंद करू दे. त्यांना गावाकडचा आंब्याचा एक डबा आणून दे.

एवढं लिहून तू म्हणशील की मामांनी "नको" म्हटलं. तसं नाही. तुझी रात्रपाळी असते त्या रात्रींचा मी वेगळा हिशोब करतो. घरात ताई, सूनबाई आणि छोटी. तिथे बातमी लांबच्या कंट्रोल रूमला द्यायची नाही, घरातल्यांनाच द्यायची आहे, आणि त्या जागेवरच आहेत. गच्चीचं दार कोणी उचकटलं आणि खाली भोंगा वाजला, तर त्या दिवे लावतील, ओरडतील, तुला आणि ११२ ला फोन करतील. असा चोर सहसा खाली उतरत नाही. न्यूयॉर्कच्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या परिचारिकेनेही १९६६ मध्ये असाच विचार केला होता. तिच्या आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळा उलटसुलट, रात्री ती घरी एकटी, पोलीस उशिरा येतात हा अनुभव. म्हणून दोघांनी मिळून कॅमेरा, दाराबाहेरच्या माणसाशी बोलायची सोय आणि पोलिसांना कळवायचं बटण अशी घरगुती व्यवस्था मांडली आणि तिचं पेटंट घेतलं. बाई घरात होती, म्हणून त्या यंत्राला अर्थ होता.

तेव्हा डीलरला सांग, खोल्यांतले उष्णतेचे सेन्सर नकोत, वार्षिक करार नको. पुढचं, मागचं आणि गच्चीचं अशा तीन दारांना चुंबकी जोड, बॅटरीवर चालणारा एक मोठा भोंगा घराबाहेर उंचावर, एक आत, आणि ताईच्या उशाशी एक बटण. बटण दाबल्यावर तुझा, शेजारच्या काकांचा आणि सोसायटीच्या वॉचमनचा फोन वाजला पाहिजे. एवढ्याचं वेगळं कोटेशन माग. आधीच्याच्या निम्म्याहून कमी झालं पाहिजे. नाही झालं तर दुसरा डीलर बघ, वापीला दुकानं कमी नाहीत. बसवल्यावर ताईला एकदा रात्रीच्या अंधारात बटण दाबायला लाव आणि फोन खरंच वाजतात का ते पाहा. तिला चष्म्याशिवाय लाल आणि हिरवं बटण ओळखू येत नाही.

लोहाराचं काम आखाजीच्या आत होईल, भोंगा नंतर आला तरी चालेल. विम्याची पॉलिसी घरफोडीच्या कलमासह व्हॉट्सअॅपवर पाठव, मी वाचून खुणा करून परत पाठवतो. आणि गच्चीच्या दाराचा फोटो.

ताईला नमस्कार, सूनबाईला आणि छोटीला आशीर्वाद.

तुझा,
मामा