१५०० तासांची अट आली कुठून?

कॅम्पसला कंपनी येणार म्हटलं की मेसमध्ये पहिला प्रश्न ठरलेला : "क्रायटेरिया काय आहे रे?" साठ टक्के की पासष्ट, हे कळलं की झालं. तो आकडा कोणी आणि का ठरवला, हे विचारायच्या भानगडीत आपण पडत नाही. विमान कंपन्याही पायलट घेताना असेच आकडे लावतात. अमेरिकेत ते कसे बदलले, ते बघण्यासारखं आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे लष्करातून बाहेर पडलेले वैमानिक भरपूर मिळत होते. उमेदवार जास्त, मग चाळणी बारीक होणारच. अनेक मोठ्या कंपन्यांना चष्म्याशिवाय २०/२० नजर लागे (आपली निम्मी विंग इथेच बाद!). पुढे डिग्री आली, विषय कोणताही चाले. काही अटी तर कागदावर नव्हत्याच. हवाई दलात काम केलेल्या मार्लन ग्रीन यांना कृष्णवर्णीय म्हणून कॉन्टिनेन्टलने नाकारलं. १९६३ साली सुप्रीम कोर्टात निकाल त्यांच्या बाजूने लागला, तेव्हा कुठे १९६५ मध्ये ते रुजू झाले. एमिली हॉवेल फ्लाइंग इन्स्ट्रक्टर होत्या. त्यांनी शिकवलेली मुलं एअरलाइनमध्ये लागत गेली, त्यांना मात्र फ्रंटियरने १९७३ मध्ये घेतलं.

आता मूळ मुद्दा. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री कोल्गन एअरचं विमान बफेलोजवळ उतरण्याआधी कोसळलं. ५० जण गेले. वेग कमी झाल्यावर स्टॉलचा इशारा मिळाला होता. अशा वेळी नाक खाली करायचं असतं, कॅप्टनने कंट्रोल मागे खेचला. मृतांच्या नातेवाइकांनी मोठा लढा दिला, २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून को-पायलटलाही साधारण १५०० तास उड्डाण सक्तीचं झालं. लष्करातून आलेल्याला ७५०, एव्हिएशनच्या पदवीधराला १०००. आधी २५० तासांवर भागायचं.

गंमत अशी की त्या कॅप्टनचे तास होते ३३७९ आणि को-पायलटचे २२४४. म्हणजे ही अट आधी असती, तरी दोघेही तिच्यात बसले असते!

१५०० तास भरायचे कसे? बरेच जण छोट्या विमानात नवशिक्यांना शिकवतात, कोणी जाहिरातीचे फलक ओढत फिरतं. तास भरतात, पण जेटमध्ये दोघांनी मिळून काम करायची सवय त्यातून कितपत लागणार? समर्थक म्हणतात, त्यानंतर जानेवारी २०२५ पर्यंत अमेरिकी एअरलाइनला एवढा मोठा अपघात झाला नाही. खरं आहे. पण त्याच काळात स्टॉलचं ट्रेनिंग सुधारलं, विश्रांतीचे नियमही कडक झाले. लॅबमध्ये आपण एकदम तीन व्हेरिएबल बदलून एकालाच श्रेय दिलं, तर सर जर्नल परत करतील. मला विचाराल तर ट्रेनिंग आणि झोप यांचा वाटा मोठा असावा.

दरम्यान पायलट कमी पडू लागले, तशी २०२२ मध्ये डेल्टाने डिग्रीची सक्ती काढली. चष्मा तर केव्हाच चालू लागला होता. पंधराशे मात्र कायम, कारण ते कायद्यात आहे. आपल्याकडे कमर्शियल लायसन्सला २०० तास लागतात. त्यावर टाइप रेटिंग केलं की ए-३२० ची उजवी सीट मुंबईत मिळू शकते, शिकागोत नाही. विमान तेच.