झोपेची गोळी : भय आणि विवेक

सुरतेत लिंबायत-उधन्याकडे खानदेशातून आलेली पुष्कळ मराठी कुटुंबे राहतात. मालेगावाशी अनेकांचे सोयरसंबंध असल्याने तिकडील ‘कुत्ता गोळी’चे नाव आमच्याही कानी आले. ही गोळी म्हणजे अल्प्राझोलाम होय. नशेसाठी तिची चोरटी विक्री होते. पण हेच औषध डॉक्टर अतिचिंतेच्या विकारावर देतात. हा भेद न कळल्याने काय होते, ते आम्ही पाहिले.

आमच्या मोहल्ल्यातील एका चाचींना पतिनिधनानंतर झोप येईना. डॉक्टरांनी थोड्या दिवसांसाठी गोळी दिली. चाची मात्र त्यांना न विचारता कित्येक महिने ती घेत राहिल्या. गोळीचे नाव कळताच मुलगा म्हणाला, “अम्मी, ही तर नशेची गोळी!” आणि त्याने ती फेकून दिली. तिसऱ्या दिवशी चाचींचे हात कापू लागले, जीव घाबरा झाला. अखेर डॉक्टरांनी औषध पुन्हा सुरू करून मात्रा हळूहळू उतरविली, तेव्हा ते सुटले.

याचे कारण समजून घेऊ. मेंदूत ‘गाबा’ नावाचे शांतविणारे द्रव्य असते. गोळी त्याचा प्रभाव वाढविते. मेंदू या आधाराला सरावतो. आधार एकाएकी काढला की तो खवळतो. प्रसंगी झटकेही येतात. शरीराला अशी सवय जडणे आणि नशेच्या मागे धावणे या गोष्टी निराळ्या आहेत. चाची व्यसनी नव्हत्या. त्यांना दटावणे नव्हे, सांभाळणे आवश्यक होते.

या वर्गातील पहिले औषध १९६० साली बाजारात आले. सवयीचा धोका पुढे अनुभवाने उमगला. आपल्याकडे १ मार्च २०१४ पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम आदी औषधांच्या विक्रीची नोंद औषधविक्रेत्याने वहीत ठेवून ती ३ वर्षे जपावी, असा नियम आहे.

वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे : चिठ्ठीवाचून ही गोळी घेऊ नये, किती दिवस घ्यायची, हे पहिल्याच भेटीत विचारावे, आपली गोळी शेजाऱ्यास देऊ नये, दारू वा अफूजन्य औषधाबरोबर ती घेतल्यास श्वास मंदावून प्राणावर बेतते. गुंगी असता मागावर वा वाहनावर बसू नये. वृद्धांनी पडण्यापासून जपावे. आणि भयाने एकाएकी सोडू नये. मन फारच अस्वस्थ असेल तर १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो.

औषधाला भिऊन ते टाकणे आणि सोय म्हणून ते घेत राहणे, दोन्ही घातकच. डॉक्टरांना मोकळेपणाने विचारावे, यातच आपले व आपल्या माणसांचे हित आहे.