फोन कमी करायचा तर आधी संध्याकाळ भरा



फोन कमी करण्याचे बहुतेक सल्ले काढून घेण्याचे असतात. नोटिफिकेशन बंद करा, अॅप उडवा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. हे उपाय चुकीचे नाहीत, त्यांतले एक-दोन मीही पुढे सांगणार आहे. पण सोमवारी उडवलेले अॅप गुरुवारी परत फोनवर दिसते, कारण दिवेलागणीपासून झोपेपर्यंतच्या तीन तासांत करायचे काय, हे कुणी ठरवलेलेच नसते. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की आधी तो वेळ भरा, फोन त्यामागोमाग कमी होईल. आणि तो वेळ कशानेही भरत नाही. ज्या गोष्टीची वेळ ठरलेली आहे, जिच्यात हात गुंततात आणि जिथे आपण गेलो नाही तर कुणीतरी विचारते, तीच गोष्ट फोनपुढे टिकते. कोकणातल्या आपल्या खारेपाटणसारख्या गावात अशा गोष्टी अजून शिल्लक आहेत, ही आपली जमेची बाजू आहे.

याला आधार काय? २०२५ च्या फेब्रुवारीत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अमेरिका आणि कॅनडातल्या ४६७ लोकांनी आपल्या फोनवरचे इंटरनेट दोन आठवडे बंद ठेवायचे कबूल केले होते. कॉल आणि मेसेज चालू, कॉम्प्युटरवर इंटरनेटही चालू, बंद फक्त खिशातले. दोन गटांपैकी ज्या गटाने हे आधी केले त्यांचा रोजचा फोनचा वेळ सरासरी सव्वापाच तासांवरून पावणेतीन तासांच्या आसपास आला. लक्ष टिकवण्याची क्षमता, मनाचे स्वास्थ्य आणि एकूण समाधान या तिन्हींत सुधारणा दिसली, आणि तिन्हींपैकी निदान एका बाबतीत ९१ टक्के लोकांना फायदा झाला. हा फायदा आला कुठून, याचा संशोधकांनी शोध घेतला तेव्हा उत्तर मोकळ्या झालेल्या वेळात सापडले. लोक माणसांना प्रत्यक्ष भेटू लागले होते, व्यायाम करत होते, मोकळ्या हवेत जात होते, थोडे जास्त झोपतही होते. त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट मला तितकीच महत्त्वाची वाटते. स्वतःहून नाव दिलेल्या या लोकांपैकी जेमतेम चौथ्या हिश्श्याने चौदापैकी निदान दहा दिवस बंदी पाळली. तेव्हा ‘माझ्यात निग्रहच नाही’ म्हणून स्वतःला दोष देणाऱ्यांनी तो दोष आधी खाली ठेवावा. नुसत्या निग्रहावर उभा केलेला उपाय बहुतेकांचा कोसळतोच.

झोपेचे उदाहरण घ्या. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बारा जणांवरच्या एका बारकाईच्या अभ्यासात झोपण्याआधी प्रकाश टाकणाऱ्या पडद्यावर वाचणाऱ्यांना छापील पुस्तक वाचणाऱ्यांपेक्षा झोप लागायला सुमारे दहा मिनिटे जास्त लागली, आणि झोपेला मदत करणारे मेलाटोनिन दीड तास उशिरा वाढू लागले. पडद्याचा प्रकाश शरीराला लागतो हे खरे. पण दहा मिनिटांनी कुणाची रात्र वाया जात नाही. रात्र वाया जाते ती ‘पाच मिनिटे बघतो’ म्हणून उघडलेला फोन बारा वाजता खाली ठेवल्यामुळे. वर्तमानपत्र शेवटच्या पानावर संपते, मालिका अर्ध्या तासाने संपते, रील मात्र संपत नाही, कारण ते संपू नये अशीच त्याची रचना आहे. निळा प्रकाश अडवणारे महागडे चष्मे म्हणूनच मी सुचवत नाही. अशा चष्म्यांवरच्या १७ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२३ मध्ये कॉक्रेन संस्थेने घेतला, आणि डोळ्यांचा ताण कमी होण्यात त्यांचा निदान अल्पकाळात तरी फारसा उपयोग दिसला नाही. ते पैसे वाचवा आणि फोन चार्जिंगला स्वयंपाकघरात लावा. उठण्यासाठी गजराचे साधे घड्याळ पुरते.

मुलांच्या डोळ्यांबाबतही हीच गोष्ट दुसऱ्या बाजूने दिसते. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांत पहिलीच्या मुलांवर एक मोठा प्रयोग झाला. त्यांतल्या सहा शाळांत रोज शाळेतच चाळीस मिनिटे जास्त बाहेर, उजेडात काढायची, हा मुख्य बदल केला. तीन वर्षांनी त्या शाळांतल्या ३०.४ टक्के मुलांना लांबचे अंधुक दिसू लागले होते, इतर शाळांत ३९.५ टक्के. कुणाच्या हातातून काहीही हिसकावून घेतले नव्हते, फक्त उन्हातला वेळ वाढवला होता. शाळेतून आल्यावर मुलाला अंधार पडेपर्यंत खळ्यात किंवा मैदानात सोडणे हे डोळ्यांचे औषधच समजा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये दिलेली मर्यादाही लक्षात असू द्या. दोन वर्षांखाली पडदा नकोच, दोन ते पाच वर्षांपर्यंत जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वर्षांपर्यंत दोन तासांच्या आत. जेवताना घास भरवण्यासाठी फोन तर कधीच नको. पडद्यात गुंतलेल्या मुलाला पोट भरल्याचे कळत नाही, आणि जेवणही उगीच लांबते.

आता एक रास्त आक्षेप. फोनबद्दलची भीती फुगवलेली आहे, असे म्हणणारे गंभीर संशोधक आहेत. २०१९ मध्ये एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी साडेतीन लाखांहून अधिक किशोरवयीनांची माहिती तपासली. त्यांच्या मनःस्वास्थ्यात जो फरक दिसतो, त्यातला फार तर ०.४ टक्के भाग डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो, असे त्यांना आढळले. हा निष्कर्ष मी बाजूला सारत नाही. पण ही सरासरी आहे, आणि सरासरीत दोन अगदी वेगळे तास एकाच मापाने मोजले जातात. एसटीची वाट पाहताना फोनवर गेलेल्या तासाने शरीराचे काही बिघडत नाही. झोपेतून, खेळातून किंवा जेवताना होणाऱ्या बोलण्यातून काढलेला तास मात्र महाग पडतो. म्हणून ‘किती तास?’ याच्या जोडीने ‘कशाच्या बदल्यात?’ हेही विचारा. पहिल्या प्रश्नाचे उत्तर फोनच्या सेटिंगमध्ये मिळेल, दुसऱ्याचे घरातल्या माणसांना विचारावे लागेल.

महाराष्ट्रातच एका गावाने हे सामूहिकपणे करून पाहिले आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथे ऑगस्ट २०२२ मध्ये, स्वातंत्र्यदिनाच्या तोंडावर, ग्रामसभेत ठरले की रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घराघरांतले टीव्ही आणि मोबाइल बंद राहतील. करोनाकाळात अभ्यासासाठी मुलांच्या हाती आलेला फोन शाळा सुरू झाल्यावरही सुटत नव्हता, हे त्यामागचे कारण. सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघरी फिरले, लोकांशी बोलले. भोंगा बंदीचा असला तरी त्या दीड तासाला काम नेमून दिलेले होते: मुलांनी अभ्यास आणि वाचन करायचे, मोठ्यांनी एकमेकांशी बोलायचे. शिवाय तो वेळ सगळ्या गावाचा एकच. एकट्याने फोन ठेवला तर मित्रांच्या ग्रुपवर काय चालले आहे याची हुरहूर राहते. सगळ्यांनीच ठेवला की ती राहायचे कारण उरत नाही. प्रत्येक गावाने भोंगा बसवावा असे मी म्हणत नाही, आणि दंडाची भाषा तर मला मुळीच पटत नाही. पण एका वाडीतल्या चार घरांनी एक तास ठरवायला ग्रामसभाही लागत नाही.

आणि त्या तासाला काय करायचे? आपल्याकडे भजनी मंडळ जवळपास प्रत्येक वाडीला असते. वैद्यकीय नजरेने त्याच्याकडे पाहा. दोन्ही हात टाळांत अडकलेले, डोळे बुवांकडे, कान पखवाजावर, श्वास गाण्याच्या लयीत, आणि शेजारी बसलेला माणूस ताल चुकला की लगेच बघतो. फोन खिशात थरथरला तरी हात मोकळा नसतो. यूट्यूबवर भजनाची डबलबारी ऐकणे आणि आपल्या वाडीच्या भजनात बसणे यांत हा फरक आहे. ज्याला भजनाची आवड नाही त्याने कॅरम, बुद्धिबळ, वाचनालय, नाटकाची तालीम, शिवण, काहीही निवडावे, कसोटी तीच ठेवावी. वयस्कांसाठी माडाच्या झावळीचे हीर काढून खराटा बांधण्यासारखे काम उत्तम. पाते धरायचे, कोयतीच्या धारेने हिरवा भाग खरवडायचा, हीर वेगळा करून जुडीत ठेवायचा. बोटे, नजर आणि मन एकाच जागी राहतात, आणि पडवीत बसून गजाली मारता येतात. चालायला जाणाऱ्यांनी महामार्ग टाळावा. खारेपाटणच्या बाजारातून शुकनदीच्या बाजूला किंवा किल्ल्याच्या चढावर, एखाद्या सोबत्याबरोबर, उजेड असेतो जावे. कार्तिकानंतर दशावतारी नाटकांचे प्रयोग सुरू होतात. ते रात्रभर चालतात म्हणून डॉक्टर नाही म्हणतील असे समजू नका. वर्षातल्या चार-सहा रात्रींचे जागरण निरोगी शरीर सोसते, रोज एक वाजेपर्यंतचे सोसत नाही.

‘चार महिने पाऊस, बाहेर जाणार कुठे?’ हा प्रश्न खरा आहे. शुकनदी चढली की बाजारातच पाणी येते, तिथे फिरायला जा असे सांगणे निरर्थक. म्हणूनच घरातली आणि पडवीतली एक गोष्ट मे महिन्यातच ठरवून, शिकून ठेवावी. पाऊस सुरू झाल्यावर शोधायला गेलात तर हाती फोनच येईल.

आणखी एक आक्षेप बायकांच्या बाजूचा आहे आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. दिवसभर चूल, गुरे, पाणी, म्हातारी माणसे यांत गेलेल्या बाईला रात्री फोनवरचा अर्धा तास हाच स्वतःचा वेळ असतो. तिला ‘फोन ठेव’ सांगण्याआधी तिच्या हातातले काम कमी करा. घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी भांडी घासली, भाजी निवडली, तर त्यांचाही फोन तेवढा वेळ सुटतो आणि तिला फुगडीच्या सरावाला किंवा शेजारी जाऊन बसायला सवड मिळते.

मुंबईतल्या मुला-नातवंडांशी होणारा व्हिडिओ कॉल यात मोजूच नका. एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी तो औषधासारखा आहे, आणि दोन वर्षांखालच्या मुलांसाठीही नातलगांशी अधूनमधून होणाऱ्या व्हिडिओ कॉलला तज्ज्ञांनी सूट दिली आहे. बँकेचे व्यवहार, कामाचे निरोप यांनाही हात लावायचे कारण नाही. एवढेच पाहा की कॉल संपल्यावर फोन खाली जातो की बोट रील्सकडे वळते.

सुरुवात एका संध्याकाळी, एका तासापासून करा. एकवीस दिवसांत सवय लागते असे सांगितले जाते, त्यावर विसंबू नका. लंडनमधल्या ९६ जणांच्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मध्ये एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडले नाही, हेही त्याच अभ्यासात दिसले. पहिले काही दिवस अस्वस्थ वाटेल, हात आपोआप खिशाकडे जाईल, कंटाळा येईल. मुलांनाही तो येऊ द्या, लगेच करमणूक पुरवू नका.

मात्र काही लक्षणे घरगुती उपायांवर सोडू नयेत. फोन काढल्यावर मूल मारहाण करते, शाळा सोडून देते, रात्र रात्र झोपत नाही, ऑनलाइन खेळात पैसे जातात आणि ते लपवले जाते, किंवा जगण्यात रस वाटत नाही असे कुणी बोलते, तर फोन हे बहुधा वरचे आवरण असते आणि खाली नैराश्य किंवा चिंता असू शकते. अशा वेळी फोन हिसकावून भांडण वाढवू नका, डॉक्टरांना भेटा. सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोन विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येते.