कोडिंग येत नाही, गेम करायचाय

प्रश्न : ए.टी.डी. (आर्ट टीचर डिप्लोमा) केलंय. लळिंग किल्ल्यावर छोटा टूडी गेम करायचाय. कोडिंग येत नाही, लॅपटॉप साधाच आहे. इंजिन कोणतं घेऊ? – एक वाचक, धुळे

उत्तर : गोडॉट. फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं आणि गेम विकलात तरी रॉयल्टी मागत नाही. तटबंदीच्या दगडांचे चौकोनी तुकडे एका पीएनजीत रंगवा, टाइलसेट करा आणि ब्रशनं ओढावं तसा बुरूज उभा करा. हालचालीसाठी टाइमलाइनवर कीफ्रेम टाकायच्या. तिथं तुमचा हात लगेच बसेल. मात्र पात्राला उडी मारायला लावायची तर गोडॉटच्या जीडीस्क्रिप्ट भाषेत चार ओळी कोड लिहावाच लागेल. त्यातून सुटका नाही.

अनरिअल इंजिनमध्ये ब्लूप्रिंटचे ठोकळे जोडून कोडशिवाय बरंच जमतं. पहाडी चित्रशैलीची छाप असलेला, पुण्याच्या नोडिंग हेड्सचा ‘राजी’ (2020) हा गेम अनरिअलवरच झाला. पण तुमचा लॅपटॉप ते पेलणार नाही. युनिटी चांगलं, शिकवणारेही भरपूर. फक्त 2023 मध्ये त्यांनी गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे फी जाहीर केली आणि वर्षभरानं मागे घेतली, ते माझ्या मनातून जात नाही.

अख्खा किल्ला नको. आधी एकच दरवाजा करा आणि मित्राच्या हातात खेळायला द्या.